पातं भट्टीत घालण्याआधी

अगं, आधी जरा बस आणि घोटभर पाणी पी. पातं घासून झालं, मुठीची भोकं पाडून झाली, आकार मनासारखा उतरला, आणि आता ते विस्तवात घालायचं म्हटल्यावर तुझे हातपाय गार पडलेत. जळेल का, वाकडं होईल का, तडकलं तर, तेलानं पेट घेतला तर, आणि सगळ्यात शेवटी हळूच विचारलेलं, 'सासूबाई काय म्हणतील?' सगळ्यांची उत्तरं देते. पण एक गोष्ट आधी मनात पक्की कर. पात्याला पाणी द्यायचं खरं काम दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. पाती बिघडतात ती आधीच्या घाईनं आणि नंतरच्या कंटाळ्यानं. त्या दोन्ही गोष्टी तुझ्या हातात आहेत, म्हणून तर मी निर्धास्त आहे.

सासूबाईंचं पहिल्यांदा मिटवू. त्यांना विचार, त्यांच्या लहानपणी गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडायची का. नक्की आठवेल त्यांना. घिसाड्यानं सांडशीत लालबुंद लोखंड ऐरणीवर धरायचं आणि समोर उभं राहून त्यावर घण घालायचा तो त्याच्या बायकोनं, पदर खोचून. आजही रस्त्याच्या कडेला हे दृश्य दिसतं. आणि खंडेनवमीला कोयता, विळा, कुऱ्हाड पाटावर मांडून हळदकुंकू वाहतं कोण? घरातली बाईच ना! तेव्हा 'हे काय बायकांचं काम?' असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्यायचं नाही, बजावून ठेवते.

आता लोखंडाकडे वळू. पातं ट्रकच्या पाट्यातून कापलंयस, हे फार छान केलंस. खेड्यापाड्यात कोयते पाट्याचे का करतात, तर त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या आतबाहेर कार्बन असतो, आणि पाणी धरतं ते या कार्बनमुळे. बघ, लोखंड लालभडक तापलं की कार्बन त्यात विरघळून जातो. सावकाश गार होऊ दिलं तर तो निवांत बाजूला होतो आणि लोखंड मऊ राहतं. झटकन गार केलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आतच अडकतो, आणि त्या ताणानं पोलाद कडक होतं. बांधकामाच्या सळईत, अँगलमध्ये, पत्र्यात कार्बन अगदी नावापुरता असतो. त्यांना दिवसभर पाणी देत बसलीस तरी धार टिकायची नाही. स्टेनलेसच्या वाटेला तर सध्या जाऊच नकोस. त्याला हजार अंशांच्या वरची, मोजून मापून दिलेली उष्णता लागते आणि ती कोळशाच्या भट्टीत सांभाळता येत नाही. तशी हौस पुढे आलीच, तर भोसरी-चिंचवडकडे हीट ट्रीटमेंट करून देणारे कारखाने आहेत, त्यांच्याकडे पातं द्यायचं.

जुन्या पाट्याची एकच काळजी असते. वर्षानुवर्षं ट्रकचं ओझं वाहून त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असू शकतात. म्हणून त्याच पाट्याचा बोटभर तुकडा बाजूला ठेवलायस ना? नसेल तर आत्ता काप. पात्याच्या आधी हा तुकडा विस्तवात जाणार. लाल करायचा, तेलात बुडवायचा, गार झाला की फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये अर्धा धरायचा आणि डोळ्यांवर चष्मा लावून हातोडीचा एक ठोका द्यायचा. काडकन मोडला तर आनंद मान, लोखंडानं पाणी धरलंय. नुसताच वाकला तर एकतर लोखंड चुकीचं आहे किंवा ताव कमी पडला. मोडलेलं तोंड उन्हात धरून नीट बघ. आतला पोत राखाडी, बारीक आणि मऊसर दिसला तर तुझा ताव बरोबर होता. चकचकीत, सुटे सुटे कण दिसायला लागले तर जास्त तापवलंस. एवढ्याशा तुकड्यातून जेवढं कळतं तेवढं मी दहा पानं लिहूनही सांगू शकणार नाही, म्हणून हे काम टाळायचं नाही.

आणि हो, धार काढून ठेवली नाहीस ना? धारेची बाजू एक ते दीड मिलिमीटर जाड राहू दे. पातळ धार आधी जळते, आधी वाकते आणि तडाही तिथूनच जातो. ग्राइंडरचे आडवे ओरखडे राहिले असतील तर पॉलिश पेपरनं काढ, आणि मुठीच्या कोपऱ्यात काटकोन असेल तर बारीक कानशीनं तो गोलसर कर. तडा अशा टोकदार जागाच शोधत असतो.

एक पायरी नवशिके हमखास गाळतात, तू गाळू नकोस. कापताना, घासताना पात्यात ताण साठलेला असतो. पाणी देण्याआधी तो उतरवायचा. पातं लाल कर, बाहेर काढ आणि कोरड्या जागी, वाऱ्याचा झोत लागणार नाही असं हवेत धरून काळं पडेपर्यंत निवू दे. असं तीनदा कर, प्रत्येक वेळी ताव जरासा कमी ठेव. याच वेळी पातं वाकलंय का ते दिसतं आणि लाल असतानाच हलक्या हातानं सरळही करता येतं. शिवाय सांडशी, विस्तव, रंग यांची हाताला आणि डोळ्याला सवय होते. तुझी निम्मी भीती इथेच जाणार आहे, बघच तू.

आता जागा. यात मी तुझं काही ऐकणार नाही. भट्टी उघड्यावरच हवी, बंद खोलीत किंवा गोठ्यात अजिबात नको. कोळशाचा धूर दिसत नाही तेव्हाही त्यातला विषारी वायू असतोच. आजूबाजूला पेंढ्याची गंज नको, वाळलेलं गवत नको. मुळशीतले डोंगर फाल्गुन-चैत्रात कसे वणव्यानं धुमसतात ते तू दर वर्षी बघतेस. एक ठिणगी पुरते. नदीतले गोटे आणून भट्टीला लावू नकोस. आत ओल राहिलेली असते आणि तापले की ते फुटून उडतात. भट्टीसाठी जमिनीत वीतभर खोल खड्डा करून माती लिंपली आणि खालून एक लोखंडी पाइप घातला की झालं. पाइपच्या दुसऱ्या टोकाला हातानं फिरवायचा छोटा भाता किंवा केस वाळवायचा ड्रायर चालतो. मात्र पाइप किंवा घमेलं जस्ताचा मुलामा असलेलं नको, त्याचा धूर छातीत गेला तर ताप भरतो. कोळसा लोणारी घे, घरचा गॅस सिलिंडर या कामाला ओढू नकोस. अंगावर सुती कपडे, पायात चप्पल नव्हे, चामड्याचे बंद बूट. केस बांधलेले, ओढणी घरात, बांगड्या डब्यात. आणि त्या वेळी पोरं आजीपाशी.

आता खरी कसोटी येते ती रंग ओळखण्याची. पातं किती तापलं हे डोळ्यांनी ठरवायचं, म्हणून भर उन्हात हे काम करूच नये. दुपारी जो लाल रंग बेताचा वाटतो तो संध्याकाळी बघितलास तर नारिंगीच्या पुढे गेलेला असतो. दिवेलागणीला, पडवीतला बल्ब मालवून कर. पातं निखाऱ्यांच्या मध्यावर, जाड पाठ खाली आणि धार वर अशी ठेव, आणि भात्याचा वारा थेट पात्यावर येऊ देऊ नकोस. टोक पातळ असल्यामुळे ते सगळ्यात आधी लाल होणार. ते जरा पुढे सरकवून निखाऱ्यांच्या बाहेर काढायचं, मधला भाग आत घ्यायचा, पुन्हा मागे ओढायचं. वारा हळू. घाईनं भाता हाणलास तर बाहेरून लाल आणि आतून कच्चं राहतं.

लोहचुंबक जवळ ठेव. लोखंड साधारण 770 अंश सेल्सिअसला पोचलं की चुंबकाला चिकटणं सोडून देतं. पातं बाहेर काढून सळईला बांधलेल्या चुंबकाला क्षणभर टेकवायचं. चिकटलं तर परत आत, चिकटलं नाही तर तू उंबरठ्यावर आलीस. पाट्याच्या लोखंडाला याच्या थोडं वर, 830-840 च्या आसपास न्यायला हवं, म्हणजे रंग अजून एक छटा उजळ. दुसरी खूण तुझ्या मिसळणाच्या डब्यातलीच आहे. मीठ 801 अंशांना वितळतं. तेवढ्याच जाडीचा एक रद्दी तुकडा पात्याशेजारी ठेवून त्यावर चिमूटभर मीठ टाक. दाणे विरघळून पाण्यासारखे पसरले की समज, आता थोडंच राहिलं.

आणि लक्ष देऊन बघितलंस तर अजून एक गोष्ट दिसेल. पातं लाल होत असताना त्याच्या अंगावरून एक गडद सावली सरकत जाते, कडेकडून जाड पाठीकडे. ती सावली म्हणजे लोखंड आतल्या आत आपली रचना बदलतंय आणि त्यासाठी उष्णता पिऊन घेतंय. सावली पुरती निघून गेली, सगळं पातं एकसारखं उजळलं, की त्याच रंगावर मिनिटभर धरायचं. मला तर या सावलीपुढे चुंबकही दुय्यम वाटतो.

'जास्तच तापवलं तर जास्त कडक होईल ना?' असं तू विचारलंयस. नाही गं बाई. जास्त तापवलं की आतले कण मोठे होतात आणि पातं ठिसूळ होतं. यात भलेभले फसलेत. 1794 साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी आपल्याकडच्या वूट्झ पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. हे पोलाद म्हणजे दक्षिणेतल्या कारागिरांची मुशीत बनवलेली करामत, कार्बन भरपूर. तिकडच्या लोहारांनी आपल्या सवयीप्रमाणे ते पांढरंशुभ्र होईपर्यंत तापवलं की हातोड्याखाली त्याचा चुरा व्हायचा. बेताच्या लाल तावावरच ते वळायचं. पुढे मायकेल फॅरेडेंनीही स्टोडार्ट या सुऱ्या घडवणाऱ्या कारागिराला जोडीला घेऊन या पोलादाचा अभ्यास केला. इतक्या विद्वान मंडळींना जे कोडं पडलं, ते इकडे भट्टीपुढे बसणाऱ्याला नुसत्या रंगावरून उमगत होतं.

तेलाचं सांगते. पाणी द्यायचं असं आपण म्हणतो खरं, पण पाट्याच्या पात्याला साधं पाणी वापरू नकोस. ते फार वेगानं गार करतं आणि टिच असा बारीक आवाज आला की समजायचं, तडा गेला. शेंगतेल किंवा सोयाबीनचं तेल घे, चार-पाच लिटर तरी हवं, म्हणजे पातं बुडल्यावर तेल फार तापत नाही. जळकं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर वाईट. भांडं लोखंडी, उभट, जड बुडाचं, कलंडणार नाही असं आणि घट्ट बसणाऱ्या झाकणाचं. झाकण हाताशी ठेवायचं, कारण तेलानं पेट घेतला तर झाकण टाकून विझवायचं. पाणी ओतलं तर पेटलेलं तेल उसळून अंगावर येईल. शेजारी कोरड्या वाळूची बादली असू दे. तेलात पाण्याचा थेंबही नको. तेल आधी 50-60 अंशांपर्यंत कोमट करून घे, एखादा तापलेला लोखंडाचा तुकडा त्यात बुडवला की होतं. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याला सगळीकडून नीट भिडतं.

पातं भट्टीतून निघाल्यापासून तेलात जाईपर्यंत एक-दोन सेकंदच जायला हवेत, म्हणून भांडं हाताच्या अंतरावर ठेव आणि थंड पात्यावर ही हालचाल आधी चार वेळा करून बघ. टोक खाली करून सरळ बुडवायचं. वरचा भाग बाहेर ठेवून थांबू नकोस, वर आलेल्या तेलाच्या वाफेलाच जाळ लागतो. आत गेल्यावर वर-खाली किंवा धारेच्या दिशेनं पुढे-मागे हलव, डावी-उजवीकडे मात्र नाही; तसं केलंस तर एक बाजू आधी गार होऊन पातं वाकतं. दहा-पंधरा सेकंदांनी काढ. तेव्हा ते अजून चटका देण्याइतकं गरम असतं आणि त्या अर्ध्या-एक मिनिटात थोडं वाकलेलं पातं दोन फळ्यांत दाबून सरळ होतं. पुरतं गार झाल्यावर दाबायला जाऊ नकोस, मोडेल.

मग कानस घे आणि धारेवर हलकीच फिरव. वरचा पातळ थर थोडा मऊ असतो, तो पहिल्यांदा खरवडला जाईल. त्याच्याखाली कानस चावेनाशी झाली, नुसती सरकायला लागली, की तुझं पातं कडक झालं. आता नाच हवं तर, पण पातं खाली ठेवून नाच. कारण खरं सांगू का, या घडीला ते गार झालेल्या चिक्कीच्या वडीसारखं आहे: टणक, आणि फरशीवर पडलं तर दोन तुकडे. नवशिकी मंडळी इथेच 'झालं' म्हणून मोकळी होतात. रात्री पातं तसंच कपाटात ठेवतात आणि सकाळी त्याला आपोआप चीर गेलेली असू शकते. थकलेली असशील, मान्य आहे. तरी तासाभरात टेम्परिंगला, म्हणजे पातं बेतानं पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवायला, लागायचं.

पातं साबणानं धू, नाहीतर घरभर तेलाचा धूर होईल. एक बाजू पॉलिश पेपरनं लखलखीत कर, कारण त्या चकाकीवरच रंग दिसतो. ओव्हन 200 अंशांवर लाव. त्याच्या खटक्यावरचा आकडा फारसा खरा नसतो, म्हणून आत ठेवायचा एक साधा थर्मामीटर आण. ट्रेमध्ये कोरडी वाळू पसरून त्यात पातं ठेवलंस म्हणजे वीज खाली-वर झाली तरी उष्णता एकदम उडी मारत नाही. दोन तास ठेवायचं, बाहेर काढून गार करायचं, पुन्हा दोन तास. बाहेर काढलंस की पात्यावर फिकट पिवळा, वाळल्या गवताचा रंग आलेला असेल. स्वयंपाकघरातल्या सुरीला हाच हवा. त्यापुढे तपकिरी, मग जांभळा, आणि 300 अंशांच्या आसपास निळा. लाकूड तोडायच्या कोयत्याला जांभळ्याकडे झुकलेला रंग बरा, कारण तिथे धार थोडी मऊ राहिली तरी चालते पण पात्याचा टवका उडून चालत नाही.

ओव्हन नसला तर लोहाराची रीत आहे. जाड लोखंडी दांडा लाल करायचा आणि पात्याची पाठ त्यावर टेकवून धरायची. पाठीकडून रंग धावत येतात, निळा, जांभळा, तपकिरी, पिवळा, आणि धारेपाशी पिवळा पोचला की लगेच पाण्यात बुडवायचं. पाठ लवचीक, धार कडक, दोन्ही साधतं. पण रंग फार भराभर पळतात गं, म्हणून पहिल्या पात्याला ओव्हनच बरा. पुढच्याला ही रीत कर, आणि पौडच्या किंवा पिरंगुटच्या बाजूला अजून भाता चालवणारे कुणी लोहारमामा सापडले तर दोन दिवस त्यांच्याजवळ नुसती बसून ये. विळ्यांना पाणी देताना त्यांची नजर कुठे असते तेवढंच बघ.

यानंतरचं मूठ बसवणं, धार काढणं हे तुला येतंच. फक्त धार काढताना पातं सारखं पाण्यात बुडवत राहा. ग्राइंडरखाली कडेला निळा डाग दिसला की तिथलं पाणी उतरलं म्हणून समज. तयार धार पितळेच्या जाड सळईवर हलकीच दाबून बघ. किंचित लवून परत सरळ झाली तर सगळं जमलंय. लवून तशीच राहिली तर मऊ आहे, टवका उडाला तर अजून दहा-वीस अंश वर टेम्परिंग द्यायला हवं, आणि ते नंतरही देता येतं. ताम्हिणीकडून येणाऱ्या तुमच्या पावसात हे पातं रात्रभर ओलं राहिलं तर गंजेल. कापून झालं की पुसायचं, खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. कांदा, लिंबू चिरून काळसर डाग पडले तर घासत बसू नकोस, ते पात्याचं नुकसान करत नाहीत.

पातं पाच-सहा इंचांचंच ठेवलंयस ते बरं केलंस. घरकामाच्या आणि शेतीच्या हत्यारांना कायद्यात वेगळं धरलंय, पण 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्रांच्या नियमांत येऊ शकतं. शिवाय हल्ली पुण्यात कोयत्याचं नाव काढलं तरी पोलिसांचे कान टवकारतात. कुणाला दाखवायला नेलंस तर जाड कापडात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ने.

शनिवारी संध्याकाळी भट्टी पेटवणार म्हणतेस ना? मग शुक्रवारी तो बोटभर तुकडा मोडून बघ आणि मोडलेल्या तोंडाचा उन्हात काढलेला फोटो मला पाठव. तो बघून शनिवारी ताव कमी ठेवायचा की जास्त, ते मी तुला सांगते.